फुलाबाईनं बेष्ट म्हटलं

विंझरला माझं मटणाचं दुकान आहे आणि पाटीवर ‘बेष्ट मटण’ लिहिलंय. सगळेच खाटीक तसं लिहितात, ‘बरं मटण’ लिहून कोण धंदा करणार? या शब्दाची आमच्याकडे पार रया गेलीय. चहा बेष्ट, रस्ता बेष्ट, नवरदेव दारू पिऊन मांडवात पडला तरी बेष्ट. पण पासलीच्या वरच्या धनगरवाड्यावर फुलाबाईपुढं हा शब्द काढला की ती दगड उचलायची. नुसती उचलायची नाही, मारायची. माझ्या गुडघ्यावर अजून खूण आहे.

बाई साठीची, काटक, तोंडाची फटकळ. नवरा गेल्यापासून शेळ्यांचा कळप एकटीच राखायची. बोकड घ्यायला गेलो की मी पाठ दाबून बघायचो, अंग भरलंय का ते, आणि सवयीनं तोंडातून निघायचंच, “मावशी, बेष्ट हाय.”

“मुडद्या, जित्या जनावराला बेष्ट म्हनू नगंस! तुमी बेष्ट म्हनता आन् लगेच सुरी काडता. बरा म्हन, चांगला म्हन. त्याच्या फुडं जाऊ नगंस.”

म्हातारीचं खोटं नव्हतं. नवसाला लंगडा बोकड कोणी मागत नाही. म्हणून कळपाचा म्होरक्या सोन्या, सहा वर्षांचा, काळाभोर, त्याला तिनं कधी चांगलासुद्धा म्हटलं नाही. कोणी विचारलं की, “खाष्ट हाय त्यो. मटान वातड लागंल.” एवढं बोलून त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा घालायची. त्याच्यावर माझा पहिल्यापासून डोळा होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या चैत्रात जत्रेसाठी बोकड आणायला भर दुपारी वर चढलो. वाड्याच्या अलीकडं शेळ्या उधळून माझ्याच अंगावर आल्या. करवंदीच्या जाळीपाशी बिबट्यानं एक करडू धरलं होतं आणि सोन्या शिंगं खाली घालून त्याच्यावर धावत होता. दोन धडका त्यानं बरगडीत बसवल्या. तिसरीला बिबट्यानं करडू टाकलं आणि सोन्याचं पोट फाडलं.

फुलाबाई शिव्या देत पोचली आणि बिबट्याच्या खांद्यात कुऱ्हाड घातली. त्यानं उलटा पंजा मारला, तिचा दंड कोपरापर्यंत सोलून निघाला. तिनं कुऱ्हाड दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा घाव घातला. मी काय केलं? लांबून दगड मारले. लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय. बिबट्या रक्त गाळत रानात शिरला.

करडू वाचलं. सोन्या उभाच होता. आतडी मातीला लागली होती, तरी तो जाळीकडं तोंड करून फुरफुरत होता. पाऊल टाकलं की ओरडायचा. ते ओरडणं माझ्यासारख्या खाटकालाही ऐकवेना. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, यायला संध्याकाळ होईल.

फुलाबाईनं पदर दंडाला गुंडाळला. सोन्याजवळ आली आणि मी दाबतो तशी त्याची पाठ दाबून बघितली.

“सिद्धनाथ,” ती म्हणाली. माझं नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं, एरवी मी तिचा मुडदाच. “ह्यो बेष्ट हाय.”

मला कळलं. तरी म्हटलं, “मावशी, डाक्टर येतोय की.”

“तवर त्यानं असं वरडत ऱ्हायाचं व्हय? म्या बेष्ट म्हनलं, ऐकू आलं न्हाई? काड सुरी!”

तिनं त्याला हळूच खाली बसवलं, डोकं मांडीवर घेतलं, त्याचे डोळे झाकले. मी एका घावात केलं. माझ्या हातात तेवढंच होतं. रक्त तिच्या लुगड्यावर, तोंडावर उडालं. तिनं पुसलं नाही. वाकून त्याच्या कानाशी म्हणत होती, “बेष्ट हायस रं. लई बेष्ट हायस.” पाय झाडायचे थांबले, तरी ती म्हणतच राहिली.