तीन पायांची सवत

तलवाड्याच्या विजयमालेच्या घरात सवत आली ती उतारवयात, आणि तीही बाभळीच्या लाकडाची.

तिचा नवरा तानाजी फौजेतून निवृत्त होऊन आला तेव्हा विजयमालेनं सुटकेचा निःश्वास टाकला होता. उमेदीची सगळी वर्षं हा माणूस बॉर्डरवर आणि ही शेतात. कापूस वेचायला ही, म्हैस व्यायला झाली की राखण करायला ही, सासूच्या दुखण्याखुपण्यालाही हीच. आता दोघांनी ओसरीवर बसून निवांत चहा प्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. खरं सांगायचं तर आणखी एक होतं. गुडघ्यांनी दगा दिला होता. खाली बसून भाकरी थापायची आणि उठताना भिंतीचा आधार शोधायचा, असं रोजचं चाललं होतं. विहिरीजवळची बाभूळ वाऱ्यानं आडवी झाली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "ह्या लाकडाचा मला ओटा करून द्या. उभ्यानं सैपाक करीन."

"बघू," तानाजी म्हणाला.

तानाजीचं 'बघू' म्हणजे काय, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तिनं पुन्हा विषय काढला नाही, पण लाकूड वाळतंय का, हे जाता-येता बघत राहिली.

लाकूड वाळलं आणि बीडला माजी सैनिकांची नेमबाजीची स्पर्धा निघाली. तानाजीनं छर्‍याची बंदूक आणली आणि बांधाला पुठ्ठा टेकवून सराव सुरू केला. फौजेत पोटावर पडून नेम धरायची सवय, पण आता पाठ धरायची. एकदा उठता उठेना, तेव्हा त्यानं ठरवलं की बसून नेम धरायला टेबलासारखा आरामशीर बाक करायचा. बाभूळ तयारच होती.

सुताराला त्यानं हातसुद्धा लावू दिला नाही. बाकाला पाय तीनच. चार पाय असले की एखादा उचलतो, तीन पाय कसेही टेकतात, असं त्यानं बायकोला समजावलं. वर ते पाय अंगणात गाडून टाकले. फळीला छातीपाशी अर्धगोल खाच घेतली, म्हणजे माणूस आत सरकून बसतो आणि दोन्ही कोपरं फळीवर विसावतात. बसायचं स्टूल तर त्यानं किती वेळा तासलं. बसायचा, उठायचा, पुन्हा रंधा मारायचा. फळीची कड कोपराला टोचते म्हणून तिथं रबर ठोकलं. दिवस मावळला की वर ताडपत्री घालायचा.

विजयमाला दारातून हे सगळं बघायची आणि आतल्या आत जळायची. या माणसानं आपला गुडघा कधी हातानं दाबून बघितला नाही, कुठं दुखतं म्हणून विचारलं नाही. त्या फळीवरून मात्र तळहात फिरवून कुसळं शोधतोय.

शेजारची कडूबाई कुंपणावरून हे बघतच होती. "विजे," ती म्हणाली, "दाजी लई जपतेत गं तिला. सवतच म्हण की."

कडूबाई हसून निघून गेली. विजयमालेला मात्र हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिच्या मनात बाक 'तो' राहिला नाही, 'ती' झाली.

पण कळस पुढंच होता. बंदुकीच्या नळीखाली वाळूची पिशवी लागते. तानाजीनं ती स्वतःच शिवली आणि फळीवर बांधून टाकली. विजयमाला शेतातून आली तर पिशवीचं कापड ओळखीचं. तिचं इरकल. आईनं शेवटच्या दिवाळीला नेसवलेलं, विरलं तरी ट्रंकेत जपून ठेवलेलं.

"कावून घेतलं हे?" तिनं विचारलं.

"फाटलंच होतं की. कापड दाट हाय, वाळू गळत न्हाई."

सवतीला आपलं लुगडं नेसवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. त्या रात्री तिनं वाढलं, पण ती त्याच्यासोबत जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तानाजी छर्रे आणायला गेवराईला गेला. विजयमालेनं सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत अंगणात आणला, शेगडी थेट बाकावर ठेवली, परात ठेवली आणि स्टुलावर बसून खाचेत सरकली. सवतीला पिठानं माखायचंच, असं मनात होतं. पण कोपरं अलगद टेकली. पाठ सरळ राहिली. पाय मोकळे सुटले आणि गुडघ्यातली कळ कुठल्या कुठं गेली. बाक इतका आरामशीर होता की तिला रडू आलं. त्याला असलं काही जमतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

तानाजी आला तेव्हा ती भाकरी उलटत होती.

"तिथं काय लावलंस? बाक हालला असंल."

"तुमच्या बाकाला काई झालं न्हाई. गुडघे माझे गेलेत."

भाकरी टोपल्यात टाकून ती उठली, कशालाही न धरता. तानाजी बघत राहिला. मग आत जाऊन टेप घेऊन आला. "उभी ऱ्हा," म्हणाला आणि तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं. माप घ्यायला तो तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. ती लाजली आणि लाजल्याचा तिला रागही आला.

"वट्टा व्हईल," तो म्हणाला. "पन लाकूड कुठंय? बाभूळ सगळी ह्यात गेली."

तिनं पिठाचा पंजा फळीवर आपटला. "ही काय."

तानाजीनं बांधावरच्या पुठ्ठ्याकडं बघितलं. "स्पर्धा होऊ दे. मग बघू."

"बघू म्हणू नका," विजयमाला म्हणाली. "तुमी बॉर्डरवर होता तवा मला कुनाचा हेवा वाटला न्हाई. आता घरी हायत, आन लाकडाचा वाटतोय."

तानाजीनं फळीवरून एकदा हात फिरवला, पीठ लागलेला हात धोतराला पुसला आणि गोठ्यातून करवत आणली. एका पायाशी खाली बसून त्यानं पातं लावलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी माझं लुगडं सोडा तिच्या अंगावरचं."