‘लेट’चे दोन अर्थ

ठाण्याच्या कचेरीच्या पडवीत एक अर्जनवीस बसायचा. त्या हरामखोराने एका इंग्रजी शब्दाने माझा बाप मारला.

आमचं मिठागर कळव्याला. तिथं जायचा बांध शेजाऱ्याच्या हद्दीतला, पण वहिवाट आमची. तसा सरकारी कागदही होता, इंग्रजीत. शेजारी नवा आला, त्याने तो कागद या अर्जनविसाकडून वाचून घेतला. ‘विदाउट लेट’ या शब्दांवर बोट ठेवून हे महाशय म्हणाले, "लेट म्हणजे जाऊ देणे. विदाउट लेट, म्हणजे मालकाने जाऊ दिल्याशिवाय जायचं नाही!" दुसऱ्या दिवशी बांधावर बाभळीचे काटे पडले.

बा म्हणाला, "जाऊ दे रे, कागदात हाय तर हाय." आणि खाडीच्या गुडघाभर चिखलातून कामावर जाऊ लागला. एक दिवस कालवाची शिंप पायात घुसली. आठ-दहा दिवसांत धनुर्वात झाला, आणि बा गेला.

मी तेव्हा कल्याणच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरवायचो. तेराव्यानंतर तडक माझ्या जुन्या मास्तरांकडे गेलो आणि त्यांचा जाडजूड इंग्रजी कोश उघडला. लेट म्हणजे जाऊ देणे, खरंच. भाड्याने देणे, तेही खरं. पण खाली बारीक अक्षरात आणखी एक लेट होता: अडवणे, खोळंबा करणे.

मास्तर म्हणाले, "अरे, मुळात हे दोन वेगळे शब्द. वापरून वापरून सारखे झाले. गाडी लेट होते ना, त्या लेटचा हा दुसरा भाऊबंद."

म्हणजे विदाउट लेट म्हणजे बिनअडथळा! माझं डोकंच सणकलं. शेजाऱ्यावर राग होताच, पण तो शब्द त्याचा नव्हता. मला अर्जनवीस हवा होता.

मामलेदारांपुढे मी कोश त्याच्याच हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावला. मामलेदारांनी बांध मोकळा करायचा हुकूम दिला. काटे निघाले. पण माझं समाधान कुठलं व्हायला! बाळकुमपासून माजिवड्यापर्यंत मी त्याचं नाव ‘लेटराव’ करून टाकलं. लोक तोंडावर हसू लागले, पडवीतली त्याची बैठक उठली. तो कल्याणला गेला. तिथं मी होतोच.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो आमच्या बांधावर समोर आला. पार थकलेला. पलीकडे त्याला गाठायची होडी सुटायच्या बेतात होती.

"माझं इंग्रजीच तेवढं होतं हो," त्याने हात जोडले. "दुसरा अर्थ खरंच ठाऊक नव्हता. आता तरी जाऊ द्या."

खरं बोलत होता, ते मला कळलं. मला दोन्ही अर्थ पाठ होते. मी बांधावर आडवा उभा राहिलो आणि चिखलाकडे बोट दाखवलं.