जास्वंदीला फुलू न देणारी वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या एका हॉटेलात पोळ्या लाटत होतो. "तुझी वहिनी गेली रे," एवढंच तो बोलला. सकाळी अंगणात चक्कर येऊन पडली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... मला सुट्टी मिळाली नाही. तिला नेताना मोबाईलवर पाहिलं, तेही मध्येच नेटवर्क गेलं. आता काही आठवडे झालेत. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहिणं जमेल का, धाकधूक आहे. पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

शाळा सुटली तेव्हा नांदगावहून मी नाशिकला दादाकडे आलो. वहिनीने एका शब्दाने कधी टोचलं नाही. "भाऊजी, रिकामं बसायचं नाही हं," म्हणत तिनेच पोळी लाटायला शिकवलं. त्याच पोळीवर आज माझं घर चालतंय.

मागच्या सुट्टीत दादाच्या सिडकोतल्या घरापुढची जास्वंद इतकी माजली होती की फाटक उघडेना. मी म्हणालो, काढून टाकू. "काढायची कशाला? झाड करू तिचं!" मधली एक सरळ फांदी ठेवून बाकीच्या तिने मला बुडापासून कापायला लावल्या. माझा हात धजेना. "वहिनी, मरेल ना गं!" "शाळा सुटली म्हणून तुम्ही मेलात का? कापा गपचूप." मग बांबू रोवून, जुन्या साडीच्या चिंध्यांनी ती फांदी सैलसर बांधली. बुडाशी फुटवा आला की काढायचा. फांदी डोक्याच्या वर गेली की शेंडा खुडायचा, बाजूला फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे, म्हणजे झाड छत्रीसारखा घेर धरतं.

मी मस्कतला परत आलो. व्हिडिओ कॉलवर ती आधी झाड दाखवायची, मग स्वतः दिसायची. कळ्यासुद्धा खुडून टाकायची. म्हणे, सगळा जोर फुलांत जातो. शेजारच्या काकू वैतागायच्या, "दारात जास्वंद आणि माझ्या गणपतीला फूल नाही! कंजूस कुठली!" "काकू, बाप्पाला म्हणावं जरा थांब. भाऊजी आले की फुलू देणारे मी." आणि मग मला, "कधी येताय?" मी म्हणायचो, बघतो, पुढच्या महिन्यात...

परवा दादाने फोटो पाठवला. बुंधा सरळ, वर गोल घेर, आणि घेरभर लालभडक फुलं. क्षणभर मी हरखलो. मग लक्षात आलं. ती असती तर यातलं एकही फूल दिसलं नसतं. खुडणारा हात राहिला नाही, म्हणून फुलं उमलली होती...

दादाचा फोन आला. "अजून कळ्या येतायत रे. तुझ्यासाठी थांबवलं होतं तिनं. तू येईपर्यंत मी खुडत राहू का?"

"नको दादा," मी म्हणालो. "फुलू दे. काकूंना दे गणपतीला."

तो "बरं" म्हणाला. फोन मात्र ना त्याने ठेवला, ना मी.