आधी लाल की आधी पिवळा?

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही हो. ते खरकट्या भांड्यांसारखे असतात. आज दोन, उद्या चार, आणि एक दिवस बघावं तर मोरी भरलेली! माझ्याकडचे सगळे शेजारच्या बाळासाहेबांच्या गॅरेजमधले आहेत. माझ्या ओट्यासमोरची खिडकी बरोबर त्या गॅरेजसमोर उघडते, त्यात माझी काय चूक?

आमच्या देवासला एक क्लब बंद पडला, तेव्हा बाळासाहेबांनी तिथलं पूलचं टेबल उचलून आणलं. तेव्हापासून त्यांची गाडी उन्हात. खेळायला भिडू एकच, त्यांचे साडू दत्तोपंत. हे धारचे. एरवी कोपऱ्यावर दूध आणायलाही उठत नाहीत, पण टेबलासाठी रविवारी गाडी काढून थेट देवास! आणि गाडीत त्यांची बायको कुसुमताई, म्हणजे बाळासाहेबांच्या बायकोची, आमच्या सुमनवहिनींची, धाकटी बहीण. तिचे गुडघे गेलेले, इंदूरला बस बदलणं तिला होत नाही. थोडक्यात काय, टेबल आहे तोवर बहिणींची भेट आहे. हे त्या दोघींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. फक्त टेबलापाशी उभ्या असलेल्या दोघांना ठाऊक नव्हतं!

* * *

खेळ तसा साधा. एकाचे लाल बॉल, दुसऱ्याचे पिवळे. आपले सगळे टेबलाच्या खिशांत घालायचे आणि शेवटी काळा घातला की डाव जिंकला. पांढऱ्या बॉलने आधी आपल्या रंगाला शिवायचं. आधी समोरच्याच्या रंगाला लागला की फाउल. पण लाल आणि पिवळा गळ्यात गळा घालून बसले असले, तर आधी कोणाला लागलं हे एक देवच जाणे. आणि या बाबतीत दोघांचा देवावरसुद्धा भरवसा नाही.

“एकच टक् झालं!” दत्तोपंत म्हणायचे.

“दोन झाले. मी ऐकले,” बाळासाहेब.

“अहो, कानाचं मशीन तर काढून ठेवलंय तुम्ही!”

“म्हणूनच ऐकू आले. मशीन लावलं की फक्त तुम्हीच ऐकू येता!”

* * *

मग ठरलं, तिसरा माणूस बघायला ठेवू. गल्लीतल्या देवळातले गुरुजी आले. बिचारे टेबलाच्या कडेला वाकून उभे राहिले. पण काठी पुढे आली की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे!

“गुरुजी, काय दिसलं?”

“दोन्ही बॉल सुखरूप आहेत,” गुरुजी म्हणाले.

बाळासाहेब म्हणाले, चांगला शॉट होता असाच याचा अर्थ. दत्तोपंतांनी काठी भिंतीला टेकवली. “यांच्या घरचा सत्यनारायण कोण सांगतं? हेच ना? प्रसादाचा शिरा इथे खायचा आणि न्याय धारवाल्याला द्यायचा? जमतंय का कधी?”

गुरुजी त्यानंतर आमच्या बाजूने जाताना पलीकडच्या फुटपाथने जातात.

* * *

दत्तोपंत हार मानणारे नव्हेत. पुढच्या खेपेला नवा मोबाईल घेऊन आले. स्लो मोशन! शॉट झाला, दोघे डोक्याला डोकं लावून बघत बसले. पांढरा बॉल गोगलगायीसारखा सरकतोय, सरकतोय, आणि नेमका लागायच्या क्षणी पडद्यावर बाळासाहेबांचं पोट!

“मुद्दाम मधे आलात!”

“पोट माझं आधीपासून तिथेच होतं. मोबाईल तुम्ही मुद्दाम पोटासमोर धरलात!”

* * *

शेवटी माझ्यावर आले. सुचवलं बाळासाहेबांनी, आणि दत्तोपंतांनी चक्क मान डोलावली. “मंगलताई ठीक आहेत. गल्लीत कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, यांच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय खेळातलं काही कळत नाही, म्हणजे लबाडीही कळणार नाही.”

ही स्तुती होती म्हणे!

तेव्हाच नियम झाला: शंका असेल तर शॉटच्या आधी थांबवायचं, मंगलताईंना बोलवायचं. शॉटच्या आधी ज्याला बघायला सांगितलं, त्याचंच खरं. मागाहून कोणी काही बोलायचं नाही.

मीही मन लावून शिकले. पांढऱ्याकडे बघायचंच नाही. लाल-पिवळ्याच्या मधल्या फटीवर डोळा ठेवायचा. आधी मार खातो तो बहुतेक जोरात पळतो, दुसरा नुसता कूस बदलतो. घराघरांतली भांडणं बघून बघून एवढं तर मला आधीच येत होतं!

पण बाळासाहेबांचा संशय असा, की लाल एका टोकाला आणि पिवळा दुसऱ्या टोकाला असला तरी हाक यायची, “मंगलताई, बघा हो!” पहिल्याच रविवारी आमच्याकडे सगळ्यांनी करपलेल्या पोळ्या खाल्ल्या.

* * *

एकदा दत्तोपंतांनी माझ्यासाठी मांडूची इमली, म्हणजे तिकडची गोरखचिंच, आणली. बाळासाहेबांनी दारातूनच बघितलं. “लाच!”

संध्याकाळी ते स्वतः लवंगेची शेव घेऊन हजर. “ही लाच नाही. शेजारधर्म आहे.”

इमली खाल्ली, शेव खाल्ली, आणि पुढच्या रविवारी दोघांनाही एकेक फाउल दिला! दोघे एकाच वेळी म्हणाले, “समोरच्याने जास्त दिलंय!”

* * *

मग मी भाचीच्या लग्नाला हाटपिपल्याला गेले आणि इकडे घोळ झाला. लाल-पिवळा चिकटलेले, बघायला कोणी नाही, दत्तोपंतांनी शॉट मारला. कोण काय म्हणालं ते मला चार जणांनी चार तऱ्हेने सांगितलं. एवढं खरं, की पानं वाढलेली असताना धारची गाडी निघून गेली. कुसुमताईचा चष्मासुद्धा इथेच राहिला.

पुढचे कितीतरी रविवार गॅरेजला कुलूप. फोनवर बहिणी बोलायच्या, पण फोनवर काय, “जेवलीस का” आणि “औषध घेतलंस का.” ओट्याशी शेजारी उभं राहून नवऱ्यांच्या नावाने खिदळायची मजा फोनवर कुठली! सुमनवहिनी तो चष्मा रोज पुसून ठेवायच्या.

एक दिवस बाळासाहेबांनी जाहीर केलं, “टेबल विकलं. रविवारी टेंपो येणार.”

त्या रात्री वहिनींनी धारला फोन लावला. मी ऐकला नाही, ऐकू आला. “कुसुम, त्यांना म्हणावं, शेवटचा एक डाव तरी खेळून जा.”

* * *

आले! दोघे एकमेकांशी न बोलता खेळत होते. टेंपोवाला दाराशी विडी ओढत उभा.

दत्तोपंतांचा शेवटचा पिवळा बाळासाहेबांच्या लालला अगदी चिकटून बसला होता. काळा बॉल खिशाच्या तोंडाशी. पिवळा चांगला गेला की डाव संपलाच, आणि डाव संपला की टेबल टेंपोत.

“मंगलताई, बघा हो,” बाळासाहेब हळूच म्हणाले.

मी वाकले. आतल्या दारात दोघी बहिणी येऊन उभ्या राहिल्या. कुसुमताईने चष्मा लावला होता.

टक्! पिवळा खिशात.

दत्तोपंतांनी मान वर केली. दाराकडे बघितलं. म्हणाले, “फाउल. आधी लाल लागला.”

“अजिबात नाही!” बाळासाहेब उसळले. “चांगला होता!”

“अहो, मी सांगतोय ना, फाउल!”

“तुम्ही आपणहून फाउल म्हणताय? म्हणजे नक्की चांगला असणार! काहीतरी शिजतंय यात. मंगलताई, तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“मला नाही दिसलं,” मी म्हटलं. “परत मांडा.”

तेवढ्यात दाराशी टेंपोवाल्याने विडी फेकली. “मेरेको दिखा ना, भिया! एकदम साफ दिखा। पेले तो...”

दोन्ही साडू एकदम गरजले, “तेरेको शॉट के पेले बोला था क्या देखने को?”

“तो टेबल?”

“डाव होने दे पहले!”

दत्तोपंतांनी टेबलाच्या खिशातून पिवळा काढला आणि लालच्या शेजारी ठेवला. बाळासाहेब खाली वाकले, एक डोळा मिटला.

“इथे नव्हता हं दत्तोपंत. थोडा डावीकडे होता.”