भरलेले परतणारे डबे

नांदगाव पेठ मागे पडलं तरी तानुबाईंचा पाय सावकाश पडेना. अमरावतीहून मोझरीला महाराजांच्या समाधीला पायी जायचं दोघींनी मिळून ठरवलं होतं. पण जमुनाबाईंची त्यांना गाठता गाठता पुरेवाट झाली.

"तानुबाई, हळू! महाराज कुठं गावाला नाही चालले."

"तुमी या हो मॅडम. मी थांबली का डोक्यात भुंगा सुरू होते."

अकोल्यात तानुबाईंची खानावळ. डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास लावलेल्या पोरींना त्या दोन वेळचे डबे देत. मोर्शीकडच्या संत्राबागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं, आणि पोरगी डॉक्टर होईल या आशेवर घरं बसून राहिली. बहुतेक पोरी तसल्याच घरच्या. तानुबाईंची नात आरतीही त्यांतलीच.

हिवाळ्यात डबे भरलेलेच परत येऊ लागले. तानुबाईंना वाटलं, हाताची चव गेली. त्यांनी वरणाला फोडणी वाढवली, ठेच्यात लसूण वाढवला, अन्नपूर्णेपुढे दिवा लावला. डबे तसेच. शेवटी एका पोरीनं सांगितलं, अभ्यासात लक्ष लागायच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. त्यानं झोप उडते, भूकही मरते.

या आठवड्यात आरतीचाही डबा भरलेला आला.

"म्हटलं, काहून घेतं वं माय? तं म्हणते, आजी, साऱ्या घेऊन राहिल्या. मी एकटीनं सोडलं तं माही सीट गेली ना!"

"चहा पिऊन जागतातच की मुलं," जमुनाबाई म्हणाल्या. पण स्वतःलाच ते पटलं नाही.

"चहानं डबा वापस येते का? खेळणाऱ्या पोरायची लघवी तपासते सरकार. मंग या परीक्षेले काहून नाही?"

सोमवारी अकोल्याच्या कलेक्टर कचेरीत क्लासवाल्यांची बैठक होती आणि जुन्या शिक्षिका म्हणून जमुनाबाईंना बोलावणं होतं. पालकांनी लक्ष द्यावं, असं काहीतरी बोलून उठायचं त्यांनी ठरवलं होतं. आता तेच तोंडात कडू लागलं. पालकांनी लक्ष दिलंच, तर लक्ष देणाऱ्याचीच पोर मागं पडायची.

तानुबाई सडकेच्या कडेला थांबल्या. पदराने मान पुसली.

"मॅडम, सोमवारी म्हणा, साऱ्यायची तपासणी करा. पैसेवाल्याची असो का आमची. ते म्हणतीन, कोण घेते, दाखवा. तवा आरतीचं नाव घ्या."

"अहो, ती जन्मभर तुमच्याशी बोलायची नाही!"

"नाही बोलली तं नाही बोलली. पोरगी खाईन तं सही. घेसान ना नाव?"