दुमडलेली चिठ्ठी

आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही तिघे कारकून वर्ध्याच्या बसस्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये रोज संध्याकाळी राजा-वजीर-चोर-शिपाई खेळायचो. चौथ्याची बदली झाली, म्हणून हिंगणीच्या बसची वाट पाहत बसणाऱ्या एका वांगीवाल्याला आम्ही खेळात घेतलं. चोराच्या चिठ्ठीचा कोपरा आम्ही आधीच दुमडून ठेवायचो आणि ती त्याच्यासाठी सोडायचो. चोर झाला की तो दुपट्टा तोंडाला गुंडाळून खांबाआड लपायचा आणि पकडला गेला की कान धरून उठाबशा काढायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा मी म्हणालो, "आज पहिले तू उचल."

त्यानं शांतपणे दुमडलेलीच उचलली. माझा चेहरा पाहून हळूच म्हणाला, "मले पहिल्या दिवसापासून माहीत हाय, साहेब. पण मी चोर नाई झालो, तर तुम्ही मले बसू द्यान काय?"

बस लागली तसा तो रिकामी टोपली उचलून गेला. त्याचं नाव विचारायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं. इतके दिवस आम्ही त्याला 'चोर' म्हणूनच हाक मारत होतो, आणि तो ओ देत होता.