सत्काराची ट्यून

त्या रविवारी माझी सकाळची ड्युटी होती. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी काउंटरवर असते. बसायला खुर्ची दिलेली आहे, पण दिवस उभ्यानेच जातो. यवतमाळहून, गडचिरोलीहून माणसं रात्रभर प्रवास करून येतात आणि प्रत्येकाला डॉक्टर आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो. दुपारी सुटले तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. घरी जाऊन पंख्याखाली आडवं व्हावं, एवढंच मनात होतं. पण संध्याकाळी नवऱ्याचा कार्यक्रम होता.

नवरा हिंगण्याला कारखान्यात आहे. त्याचा आणि त्याच्या शिफ्टमधल्या तिघांचा एक बँड आहे, कंट्री-रॉकचा. म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली गाणी, पण ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार लावून. घोडा, ट्रक, लांबच लांब रस्ता आणि सोडून गेलेली बायको, यापलीकडे विषय नाही. "मी तं अजून इथंच आहो," असं मी म्हणते, तर हसतो नुसता.

त्या वर्षी मात्र त्याने स्वतःचं एक गाणं केलं होतं, आपल्या बोलीत. कंपनीच्या बसमध्ये डोळा लागतो आणि स्टॉप निघून जातो, अशा माणसाचं. बाल्कनीत बसून महिनोन्‌महिने ते घोटलं त्याने. माझ्या भांड्यांच्या आवाजातसुद्धा मला ते पाठ झालं. गाणं चांगलं होतं. तसं मी त्याला सांगितलंही, आणि मी कोणाला सहजासहजी चांगलं म्हणत नाही. लोकांसमोर ते पहिल्यांदाच होणार होतं, कार्यक्रमाच्या शेवटी.

"आज हे एक गाणं झालं ना, तं मले बाकी काही नाही पाहिजे," निघताना तो म्हणाला. "तू समोर बसजो."

मी समोर बसले. बेसा रोडवरचं लग्नाचं लॉन. एका सांस्कृतिक मंडळाने संध्याकाळपुरतं घेतलेलं, कारण आठ वाजता तिथेच कोणाचं तरी रिसेप्शन होतं. शी! काय ती जागा! दारात गुलाबपाणी मारत होते, ते डोळ्यात गेलं. मागे जनरेटरचा धूर. माझ्या शेजारच्या गृहस्थाने पन्नी काढली, तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, तोंडात टाकला आणि दर दोन मिनिटांनी शोभेच्या कुंडीत पिंक टाकू लागला. इतक्या जवळ, की मी साडी आवरून बसले. "दादा, ते झाड आहे," मी म्हटलं. तो लाल दात दाखवून हसला.

स्टेजवर आमचे चौघे. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या हॅट, त्यातली एक ड्रमवाल्याच्या कानापर्यंत आलेली. दोन इंग्रजी गाणी झाली. खरं सांगते, बरी झाली. पाय दुखत होते तरी मी ठेका धरला. आणि मग माइकवाल्या निवेदकाने हात वर केला आणि सत्कार सुरू झाले.

आमच्याकडे शाल मुकाट्याने घालत नाहीत. शाल खांद्यावर टेकली की बँडने ट्यून द्यायची, मग नारळ, मग फोटो, मग "दोन शब्द". आधी अध्यक्षांचा सत्कार. मग प्रमुख पाहुण्यांचा, ते प्लॉट विकतात. मग लॉनवाल्याचा, मंडपवाल्याचा, साउंडवाल्याचा. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार. अवं माय! लोकं फरसाण खात होती, पोरांना मुतायला नेत होती, फोनवर बोलत होती. आणि माझा नवरा, दोन शिफ्टच्या मधली झोप मोडून रियाज केलेला माणूस, डोक्यावर हॅट घालून प्रत्येक शालीला टॅण्टडॅण्ण करत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी उठून स्टेजच्या पायरीशी गेले. तिकडे लॉनच्या फाटकातून रिसेप्शनच्या खुर्च्या आत यायला लागल्या होत्या.

"काहून चूप बसून राहिले तुम्ही?" मी त्याला म्हटलं. "सांगा ना त्यायले!"

"थांब ना वं. दोनच बाकी आहेत. मंग आपलंच आहे."

पायरीशी गेले, तिथेच माझं चुकलं. निवेदकाने मला पाहिलं. "अरे वा! आपल्या गिटारवादक कलाकाराच्या सौभाग्यवती इथे उपस्थित आहेत! यशस्वी पुरुषाच्या मागे उभी असलेली... या वहिनी, या, वर या!" मी मान हलवली, हात जोडले, नको म्हटलं. दोन बायांनी मला दंडाला धरून वर नेलंच. भर सभेत किती ओढाताण करणार? म्हटलं ठीक आहे, माइक तर हातात येईल.

शाल पडली. ट्यून वाजली. नारळ घेतला आणि मी माइक ओढूनच घेतला. "मला सत्कार नको," मी म्हटलं. "तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर यांचं गाणं होऊ द्या. वेळ संपत आला आहे. बाकी काही नको." आवाज चढला होता माझा. चांगलंच कडक बोलले मी.

लॉनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

"किती ही विनम्रता!" निवेदक जवळजवळ रडायला आला. "आजच्या काळात सत्कार नाकारणारी माणसं कुठे राहिली?" अध्यक्षांनाही भरून आलं. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर घातली, पहिलीच्या वर. घामाने ओली होती ती, अत्तराचा आणि तंबाखूचा वास येत होता. पुन्हा ट्यून. प्रमुख पाहुणे उठले आणि म्हणाले, नारीशक्तीवर दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ते बोलले. स्वतःच्या आईवर बोलले, मग बायकोवर, मग प्लॉटांच्या नव्या लेआउटवर. मी दोन शाली पांघरून नारळ धरून उभी. एवढ्या उकाड्यातही किळसेने अंगावर काटा आला होता.

ते बोलत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या पहिल्या शालीला वाजली ती ट्यून टॅण्टडॅण्ण नव्हती. तो बसच्या गाण्याचा मुखडा होता. आणि दुसऱ्या शालीला वाजला तो अंतरा, डोळा लागल्यावर स्टॉप निघून जातो तो. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो हॅट खाली ओढून गिटारच्या तारांकडे बघत होता. त्याला कधीच कळलं होतं की आता गाणं होत नाही. जेवढं बसलं तेवढं त्याने माझ्या शालींत बसवून टाकलं होतं, आणि अख्ख्या लॉनमध्ये ते ओळखणारी मी एकटी, आणि मुखडा वाजला तेव्हा मी माइकसाठी हात लांब करत होते.

मग लॉनचा मॅनेजर आला आणि वायरी निघाल्या. रिसेप्शनवाल्यांनी सोफ्यांना नवी कव्हरं घातली. आम्ही ड्रम टेम्पोत चढवत होतो तेव्हा अध्यक्ष स्वतः चालत आले आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

"वहिनीच्या टायमाले ट्यून काय मस्त दिली गा! हे असं पाहिजे. पुढच्या वर्षी सत्काराले तुमीच या."

मी तोंड उघडलं होतं. त्याच्या आधीच त्याने डोक्यावरची हॅट काढली आणि हसून म्हणाला, "येऊ ना, भाऊ. नक्की येऊ."